वापरलेली कॅम्परव्हॅन कोविड महासाथीच्या काळात पाहायला जाताना कोणती काळजी घ्यावी?

पायवाट (प्रश्न)

आम्ही एक वापरलेली कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, विकत घेण्याच्या विचारात आहोत. गर्दीचे विमानतळ, सामाईक लिफ्ट आणि हॉटेलांमधली बंद भोजनगृहे टाळून फिरता यावे, हा त्यामागचा हेतू आहे. परंतु ज्या वस्तूमुळे संसर्ग टळावा, ती पारखून घेण्यासाठीच अनोळखी माणसांसोबत एका लहानशा बंद जागेत बराच वेळ उभे राहावे लागणार, हे लक्षात आल्यापासून आम्ही थबकलो आहोत. आमच्या सर्वांच्या लसी पूर्ण झालेल्या आहेत. तरीही घरातील एका ज्येष्ठ व्यक्तीला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असल्यामुळे धोका पत्करण्याची आमची तयारी कमी आहे.

विक्रेत्यांशी बोलताना वेगवेगळी उत्तरे मिळाली. एका व्यावसायिक विक्रेत्याने सांगितले की, प्रत्येक ग्राहकानंतर गाडी निर्जंतुक करून ७२ तास बंद ठेवली जाते. दुसऱ्याचे म्हणणे असे की, व्हिडिओवर सगळे दिसते, तेव्हा आगाऊ रक्कम भरून गाडी राखून ठेवावी. एका खाजगी मालकाने तर कधीही या, आमच्या घरचे सगळेच तुम्हाला गाडी दाखवतील, असे अगत्याने सांगितले, आणि त्या अगत्याचीच आम्हाला भीती वाटली. यांपैकी खरे संरक्षण कशात आहे, व्हिडिओवर किती भिस्त ठेवावी आणि प्रत्यक्ष पाहणी करायचीच झाली तर ती कशी ठरवावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाराशोधक

इमारतींमधील वायुवीजन हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

७२ तासांचा आकडा कुठून आला ते आधी पाहू. २०२० च्या सुरुवातीला प्रयोगशाळेत केलेल्या एका अभ्यासात प्लास्टिकवर हा विषाणू ७२ तासांपर्यंत जिवंत आढळला होता. मात्र त्याच अभ्यासात असेही दिसले होते की, प्लास्टिकवर दर सुमारे सात तासांनी त्याचे प्रमाण निम्मे होत जाते. म्हणजे तिसऱ्या दिवशी जे उरते ते अगदी अल्प असते. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचे म्हटले. तेव्हा गाडी तीन दिवस बंद ठेवणे चुकीचे नाही. पण तेवढ्यावर निश्चिंत होणे म्हणजे दाराला कुलूप घालून खिडकी सताड उघडी ठेवण्यासारखे आहे. खरा प्रश्न हवेचा आहे.

मध्यम आकाराच्या कॅम्परव्हॅनचा आतला भाग सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच धरला, तर २४ घनमीटर जागा होते. कपाटे, पलंग आणि बैठका वजा केल्या की मोकळी हवा २० घनमीटरांच्याही आत येते. त्यात विक्रेता, तुम्ही आणि घरचे आणखी कोणी असे तिघे उभे राहून बोलू लागले, तर साध्या खोलीपेक्षा हवा कितीतरी लवकर दूषित होते. विक्रेता सतत बोलत असतो, हा त्यातला आणखी एक धोका. शांत बसलेल्या माणसापेक्षा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडातून कितीतरी अधिक सूक्ष्म थेंब बाहेर पडतात.

मात्र याच लहान आकाराचा फायदाही घेता येतो. बहुतेक गाड्यांच्या छताला सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटर चौरसाची झडप असते आणि पुष्कळदा तिच्यात १२ व्होल्टचा पंखा बसवलेला असतो. तो हवा बाहेर फेकण्याच्या दिशेने लावावा आणि त्याच्यापासून लांबचे दार किंवा खिडकी उघडी ठेवावी. खोलीतील हवा तासाला १२ वेळा बदलत असेल, तर हवेतील सुमारे ९९ टक्के कण निघून जायला साधारण २३ मिनिटे लागतात. एवढ्याशा जागेत चांगला पंखा त्याहून पुष्कळ जलद काम करतो. तुम्ही स्वतः हवा आत येते त्या बाजूला उभे राहा, पंख्याखाली नव्हे.

छतावरच्या एअर कंडिशनरला मात्र वायुवीजन समजू नका. बहुतेक गाड्यांमध्ये तो आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो, बाहेरची हवा घेत नाही. उन्हाच्या दिवसांत विक्रेते पाहुण्यांच्या सोयीसाठी दारे लावून तो सुरू करतात. सौजन्य म्हणून ते ठीक असले, तरी तुमच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट व्यवस्था आहे. विक्रेत्याला नम्रपणे बाहेर थांबायला सांगा आणि प्रश्न फोनवर किंवा दारातून विचारा. चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क घाला. कापडी मास्क या कामाला पुरेसा नाही.

पाना_पकड

वाराशोधक यांनी हवेविषयी लिहिले ते योग्यच आहे, परंतु त्यातून एक अडचण उभी राहते आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. जुन्या कॅम्परव्हॅनचा सर्वांत मोठा शत्रू ओल हा आहे. छताच्या किंवा खिडकीच्या सांध्यातून पाणी झिरपून आतली लाकडी चौकट कुजलेली असेल, तर त्या दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतो. ही ओल पहिल्यांदा कळते ती नाकाला. आता तुम्ही मास्क घालून जाणार, गाडी आधीपासून उघडून ठेवायला सांगणार आणि विक्रेत्याने आदल्याच दिवशी जंतुनाशक फवारलेले असणार. म्हणजे संसर्गापासून बचावाची प्रत्येक कृती ओलीचा वास लपवणारी ठरते. काही ठिकाणी निर्जंतुकीकरणाच्या नावाखाली ओझोनचे यंत्रही आत चालवले जाते. ओझोनने कुबट वास काही काळ मरतो आणि रबराचे सील मात्र लवकर कडक होऊन चिरतात. आत शिरताच उग्र सुगंध आला, तर मी त्याला स्वच्छतेची खूण मानत नाही. मी ओल शोधायला लागतो.

यावर माझा उपाय असा आहे की, सकाळची पहिली वेळ मागून घ्यावी आणि आदल्या संध्याकाळपासून गाडीत कोणीही पाऊल ठेवू नये, तसेच ती पूर्ण बंद ठेवावी, असे विक्रेत्याकडून लेखी कबूल करून घ्यावे. वर उल्लेखलेल्या अभ्यासात हवेत तरंगणाऱ्या विषाणूचे प्रमाण साधारण तासाभरात निम्मे होत असल्याचे दिसले होते. त्यामुळे रात्रभर रिकाम्या राहिलेल्या गाडीत दुसऱ्याच्या श्वासाचा धोका जवळपास उरत नाही. दार तुम्ही स्वतः उघडावे, एकट्याने आत जावे, मास्क क्षणभर खाली करून वरची कपाटे, पलंगाखालची जागा आणि न्हाणीचा कोपरा यांचा वास घ्यावा, आणि मगच झडपा, खिडक्या व पंखा उघडून पुढची तपासणी करावी. गाडी बंद असल्याने वास कोंडलेला असतो आणि माणूस नसल्याने हवा सुरक्षित असते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधतात. शिवाय इंजिन थंड मिळते. गरम इंजिन सहज सुरू होते आणि पुष्कळ दोष झाकते, म्हणून बॉनेटला हात लावून ते खरोखर थंड आहे ना, हे आधी पाहावे.

ओलीसाठी दुसरे साधन म्हणजे ओलावा मोजण्याचे यंत्र. १५ टक्क्यांखालचे आकडे सहसा चिंतेचे नसतात, २० च्या वर गेले की कारण शोधावे लागते आणि ३० च्या आसपास आकडे येत असतील, तर आत कूज झाली आहे असे गृहीत धरून मी पुढे जातो. एका आकड्यावर विसंबू नये. एकाच भिंतीवर वरपासून खालपर्यंत मोजत गेल्यास फरक कुठे पडतो ते कळते. छताच्या झडपेभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यांत, मागच्या दिव्यांच्या आतल्या बाजूला आणि चाकांच्या कमानींजवळ विशेष लक्ष द्यावे. तळहाताने भिंत दाबल्यावर ती मऊ लागली, बाहेरच्या पत्र्यावर किंवा फायबरवर फुगवटा दिसला, अथवा जुन्या सीलंटवर (सांधे बुजवणाऱ्या लेपावर) नवा सीलंट फासलेला आढळला, तर त्याचे स्पष्टीकरण मागावे.

या काळातील गाड्यांची काही वेगळी दुखणीही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महासाथ जाहीर केली, त्यानंतर कित्येक गाड्या महिनोन् महिने एकाच जागी उभ्या होत्या. किलोमीटर कमी दिसतात आणि गाडी जपून वापरली, असे सांगितले जाते. परंतु उभ्या गाडीचे ब्रेक गंजतात, उंदीर वायरी कुरतडतात, गॅसच्या शेगडीच्या बर्नरमध्ये कीटक घरटी करतात आणि टायर न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३२१४ असे असेल, तर तो टायर २०१४ च्या ३२ व्या आठवड्यातला आहे आणि त्याची नक्षी कितीही खोल असली, तरी तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. हे सगळे बाहेर, मोकळ्या हवेत तपासता येते, म्हणून आधी बाहेरचे पाहावे. बाहेरच गाडी नापसंत ठरली, तर आत जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

फ्रिज तपासायचा असेल, तर विक्रेत्याला तो आदल्या संध्याकाळीच सुरू करून ठेवायला सांगा. गॅसवर चालू शकणारे फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतात आणि अर्ध्या तासाच्या भेटीत त्यांच्याविषयी काहीही कळत नाही. रात्रभर बंद गाडीत तो गॅसवर न ठेवता बाहेरच्या विजेवरच ठेवावा.

सौरघट

पाना_पकड यांच्या योजनेत एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. रात्रभर गाडी बाहेरच्या विजेला जोडलेली असेल, तर आतला चार्जर बॅटरीही भरत राहतो, आणि सकाळी मीटरवर दिसणारा आकडा बॅटरीचा नव्हे तर चार्जरचा असतो. म्हणून आल्याबरोबर वीजजोडणी काढावी, सर्व दिवे आणि पाण्याचा पंप चालू करावा, पंखा तर तुम्हाला हवाच आहे, आणि तपासणी संपेपर्यंत व्होल्टेज किती खाली येते ते पाहावे. साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली व विसावलेली असताना १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२ च्या जवळ आली की ती जवळपास रिकामी समजावी. एवढ्याशा भाराने ती तासाभरात तिथवर घसरत असेल, तर ती बदलावी लागेल.

हिशेबी

व्हिडिओविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. व्हिडिओचा उपयोग गाडी पसंत करण्यासाठी नसून नापसंत करण्यासाठी आहे. आधीच चित्रित केलेली चित्रफीत स्वीकारू नका. थेट व्हिडिओ कॉल मागा आणि कॅमेरा कुठे न्यायचा ते तुम्ही सांगा. आतले दिवे मालवून टॉर्च भिंतीला समांतर धरायला लावा, कारण समोरून पडलेल्या प्रकाशात सपाट दिसणारी भिंत तिरप्या प्रकाशात आपले फुगवटे आणि डाग दाखवते. कोणत्या कपाटाचे दार उघडायचे टाळले जाते, याकडेही लक्ष असू द्या. जागेची मापे मागवून घेतली, तर घरच्या जमिनीवर चिकटपट्टीने आराखडा आखून पलंग, वाटेची रुंदी आणि बसण्याची जागा यांचा अंदाज घेता येतो. ज्येष्ठ व्यक्तीला गाडी दाखवायला नेण्याची गरज त्यामुळे बऱ्याच अंशी टळते.

आता पैशांविषयी. या साथीने लबाड विक्रेत्यांना एक आयते कारण मिळवून दिले आहे. ते म्हणतात, "गाडी दाखवता येत नाही, कारण मालक विलगीकरणात आहे. गाडी आधीच वाहतूक कंपनीच्या ताब्यात आहे. पैसे एका सुरक्षित खात्यात ठेवा, गाडी दारात येईल, पसंत नसेल तर परत करा." ऐकायला हे सगळे तुमच्याच आरोग्याच्या काळजीचे वाटते. किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी असेल आणि ते कथित सुरक्षित खाते विक्रेत्यानेच पाठवलेल्या दुव्यावरचे असेल, तर तिथेच संभाषण थांबवावे. छायाचित्रे दुसऱ्या एखाद्या जाहिरातीतून उचललेली आहेत का, हे प्रतिमाशोधाने पाहता येते. थेट व्हिडिओवर चेसिस क्रमांकाची पट्टी दाखवायला सांगा, तो क्रमांक नोंदणीच्या कागदाशी अक्षर न् अक्षर जुळवा आणि गाडीवर कर्जाचा बोजा शिल्लक नाही, याची खात्री नोंदणी करणाऱ्या यंत्रणेकडून करून घ्या. विक्रेत्याने पाठवलेली प्रत पुरेशी नाही.

मागणी वाढली की विक्रेते घाई करतात, हे खरे आहे. आगाऊ रक्कम द्यावीच लागली, तर ती लहान असावी, आणि तपासणीत ओल किंवा मोठा दोष आढळल्यास ती पूर्ण परत मिळेल, हे पावतीवरच लिहून घ्यावे. प्रत्यक्ष जाणे तुम्हाला शक्यच नसेल, तर स्वतंत्र तपासनीस नेमावा. तो एकटाच आत जाईल, म्हणजे हवेचा प्रश्नही सुटतो. मात्र त्याची निवड आणि त्याचे मानधन तुमच्याकडून असावे. ओलाव्याचे आकडे गाडीच्या आराखड्यावर मांडून द्यावेत, अशी अट घाला. "सर्वसाधारण स्थिती चांगली" या शेऱ्याला काही अर्थ नसतो.

गाडीचे कमाल अनुज्ञेय वजन आणि रिकामे वजनही कागदावरच पाहून घ्या. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि माणसे, सामान व सायकली त्यावर. अनेक देशांत साध्या परवान्यावर ३,५०० किलोंपर्यंतचेच वाहन चालवता येते, हा मुद्दा पुष्कळांना खरेदीनंतर कळतो.

पायवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सकाळच्या पहिल्या वेळेची कल्पना आम्ही नक्की अमलात आणू, आणि ते सहकुटुंब अगत्य आता फोनवरच स्वीकारू. आणखी काही शंका आहेत. पाहणीला जाणाऱ्या आमच्यापैकी एकाला कोविड होऊन गेला असून त्याला अजूनही वास पुरता येत नाही. अशा वेळी काय करावे? चाचणी फेरीत मालक शेजारी बसण्याचा आग्रह धरत आहे. आणि गाडी ताब्यात आल्यावर स्वच्छता कशी करावी?

वाराशोधक

मालकाची चिंता स्वाभाविक आहे, कारण गाडी त्याची आहे आणि विम्याचा प्रश्नही असतो. आधी पर्याय सुचवून पाहा: तुमचे ओळखपत्र आणि तुम्ही आणलेली गाडी त्याच्याकडे ठेवावी, विम्याचे संरक्षण तुम्हाला लागू आहे का ते विचारून घ्यावे आणि त्याने दुसऱ्या वाहनातून मागे यावे. तरीही तो बसणारच असेल, तर दोघांनी चांगला मास्क घालावा, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि डॅशबोर्डवरची हवा आतल्या आत फिरवण्याऐवजी बाहेरून घेण्यावर ठेवावी. मागच्या भागातली खिडकी प्रवासात उघडी ठेवू नका. कॅम्परच्या खिडक्या वाऱ्याने उखडतात. गप्पा नकोत, हे आधीच सांगून टाका. तुम्हाला गिअरबॉक्स आणि चाकांचे आवाज ऐकायचे आहेत, हे कारण खरेही आहे आणि कोणाला लागतही नाही.

पाना_पकड

वास येत नसलेल्या व्यक्तीने बाहेरची आणि यांत्रिक तपासणी करावी, आणि आतली पहिली फेरी दुसऱ्याने मारावी. दुसरे कोणीच नसेल, तर ओलावा मोजण्याच्या यंत्राशिवाय जाऊ नये. पण हा प्रश्न खरेदीपुरता नाही. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते, आणि ज्याला ते कळत नाही त्याच्यासाठी ती सूचना नसल्यासारखीच आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणून गॅसगळतीचा अलार्म खाली, जमिनीजवळ बसवलेला हवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो. त्या वायूचा तर कोणालाच वास येत नाही. दोन्हींवर छापलेली मुदत पाहा, कारण आतला संवेदक काही वर्षांनी निकामी होतो आणि चाचणीचे बटण दाबल्यावर येणारा आवाज बहुधा फक्त भोंगा चालू असल्याचे सांगतो. गॅसच्या नळ्यांची दाबचाचणी मात्र अधिकृत तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी आणि ती होईपर्यंत सिलिंडर उघडू नये.

स्वच्छतेसाठी साबण आणि पाणी पुरेसे आहे. साबणाने या विषाणूचे बाह्य आवरण फुटते. अल्कोहोल खिडक्यांना लावू नका. कॅम्परच्या बहुतेक खिडक्या काचेच्या नसून ॲक्रिलिकच्या असतात आणि अल्कोहोलने किंवा अमोनियायुक्त काच-सफाई द्रवाने त्यांत केसासारख्या बारीक भेगा पडतात, ज्या नंतर कशानेही जात नाहीत. ब्लीचने ॲल्युमिनियम आणि बैठकांचे कापड खराब होते. ते इतर कोणत्याही सफाई द्रवात मिसळू नये, कारण आम्ल किंवा अमोनिया यांच्याशी संयोग झाल्यास विषारी वायू सुटतो आणि या एवढ्याशा जागेत तो फारच लवकर साचतो.

पृष्ठभागांपेक्षा पाण्याच्या टाकीची काळजी अधिक घ्यावी, असे माझे मत आहे. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत, नळ्यांत आणि गीझरमध्ये साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला हा जीवाणू वाढू शकतो. तो फुफ्फुसांचा गंभीर आजार घडवतो, आणि तोही शॉवरच्या तुषारांतून श्वासावाटे शिरून. तुमच्या घरातील औषधे चालू असलेल्या व्यक्तीला त्याचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. सगळे जुने पाणी काढून टाकावे, गीझर रिकामा करावा, मग टाकी ताज्या पाण्याने भरून त्यात सुगंध नसलेले साधे ब्लीच घालावे. ते ५ टक्क्यांचे असेल, तर दर १०० लिटरला सुमारे १०० मिलिलिटर पुरते. प्रत्येक नळातून आणि शॉवरमधून क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडावे, काही तास तसेच राहू द्यावे आणि नंतर टाकी दोन-तीनदा धुऊन काढावी. नळ सोडताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मास्क घालावा. वास कधी आला आणि कधी गेला, हे ठरवायला अर्थातच ज्याचे नाक शाबूत आहे त्यालाच उभे करावे लागेल. शॉवरचे डोके आणि त्याची लवचीक नळी जुनी असेल, तर ती धूत बसण्यापेक्षा सरळ नवी बसवावी.